सानपाड्याचा फ्लॅट आणि आपल्या क्लबहाउसचं वायफाय

सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की क्लबहाउसमध्ये सगळ्यांसाठी एक वायफाय बसवू. पासवर्ड नोटीस बोर्डावर लावायचा. लग्नाला, बारशाला आलेले पाहुणे, ड्रायव्हर, ट्यूशनची मुलं, ज्याला हवं त्याने वापरावं. कल्पना चांगली आहे. सुरक्षेचं काय, असं कोणीतरी विचारलं तर लगेच उत्तर आलं, "अहो, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ना, ते चालू केलं की झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तेव्हा काही बोललो नाही, कारण चहा आला होता आणि पुढे पार्किंगचा विषय होता. पण गोष्ट तेवढ्यावर मिटत नाही. का मिटत नाही हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि लांब नाही, हार्बर लाइनवर दोन स्टेशनं पलीकडे.

शनिवार, २६ जुलै २००८. संध्याकाळी अहमदाबादेत तासाभराच्या आसपास एकामागून एक २१ स्फोट झाले. ५६ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. जखमींना जिथे नेत होते त्या सिव्हिल हॉस्पिटललाही सोडलं नाही. स्फोट सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेलांना एक ईमेल गेला होता, 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने. तो कुठून गेला हे शोधताना पोलिसांना एक आयपी ॲड्रेस मिळाला, आणि त्या ॲड्रेसवरून ते पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक, इथे नोकरीनिमित्त आलेला.

ज्यांनी ते दिवस इथे काढलेत त्यांना आठवत असेल. चॅनेलच्या गाड्या, बिल्डिंगखाली गर्दी, शेजाऱ्यांच्या मुलाखती. एटीएसने, तेव्हा प्रमुख हेमंत करकरे होते, त्या माणसाची बराच काळ चौकशी केली. निघालं काय, तर त्याचं वायफाय उघडं होतं. कोणीतरी जवळपास आलं, जोडलं, ईमेल पाठवला आणि निघून गेलं. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण तोपर्यंत त्याचं नाव जगभर छापून झालं होतं.

ही एकच घटना असती तर योगायोग म्हटलं असतं. पण २३ ऑगस्टला दुसरा ईमेल गेला, माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल गेला चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तीन ईमेल, तीन पत्ते, आणि तिन्ही ठिकाणचे मालक आपल्या घरात, कॉलेजात, ऑफिसात आपापलं काम करत होते. लॅपटॉप घेऊन रस्त्याने फिरायचं आणि उघडी वायफाय हेरायची, याला 'वॉरड्रायव्हिंग' म्हणतात हे मुंबईच्या वर्तमानपत्रांना तेव्हा कळलं.

माझ्या मते आपल्याकडच्या घरगुती वायफायचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. त्याआधी ती फक्त सोय होती.

ती सोय आली कशी, हेही गमतीदार आहे. आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगायचं तर सरकारचा परवाना लागतो, हा कायदा १९३३ सालचा, इंग्रजांचा. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन दरवर्षी भरायचं हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९८० च्या दशकात ते सुटलं, पण कायदा तसाच राहिला. म्हणजे हवेत लहरी सोडणारं कुठलंही यंत्र, तत्त्वतः, परवान्याशिवाय चालवायचं नाही.

तिकडे अमेरिकेत वेगळं घडत होतं. १९४७ मध्ये ॲटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लहरींचे काही पट्टे दळणवळणासाठी नव्हे, तर उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात अन्न गरम करतो. संदेशवहनाच्या दृष्टीने ही पडीक जमीन, गोंगाटाची. १९८५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की या पडीक जमिनीवर कमी ताकदीची यंत्रं कोणीही परवान्याशिवाय चालवावीत, फक्त एकमेकांचा त्रास सहन करावा. आपल्या भाषेत सांगायचं तर ते गायरान झालं. वायफाय हे त्या गायरानावर उगवलेलं पीक आहे. १९९७ मध्ये त्याचं पहिलं मानक आलं, सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट वेगाचं. १९९९ मध्ये ॲपलने आयबुकसोबत एअरपोर्ट आणलं आणि घरात बिनतारी इंटरनेट ही कल्पना लोकांच्या डोक्यात शिरली.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचं हे गायरान खुलं झालं २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. त्याच महिन्यात बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं होतं, मुंबईत एमटीएनएलचं ट्राय-बँड. दोन्ही गोष्टी एका वेळी आल्या, आणि तीन वर्षांत मुंबई-ठाणे-पुण्यात घरोघरी राउटर लागले. (५ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र बराच काळ घरातल्या घरात वापरायलाच मोकळा होता, बाहेर वापरायला ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानगी मिळाली. आणि तुमच्या राउटरच्या नावापुढे जे '५जी' दिसतं ते हेच ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. ग्रुपवर दर महिन्याला हा वाद होतो म्हणून सांगून ठेवतो.)

राउटर लावून कोण देत होतं? केबलवाल्याचा पोऱ्या. लावला, दिवे लागले, लॅपटॉपवर गूगल उघडलं, सही घेतली, गेला. पासवर्ड लावायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि आपल्यालाही. जे लावत ते वेप नावाचं कुलूप लावत, आणि ते कसं तोडता येतं हे २००१ मध्येच फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी जगजाहीर केलं होतं. २००४ पासून डब्ल्यूपीए२ हे चांगलं कुलूप उपलब्ध होतं, पण मेनूत तीन खाली असलेला पर्याय कोण निवडतो!

२००८ च्या त्या तीन ईमेलांनंतर मात्र चक्रं फिरली. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की आमची माणसं लॅपटॉप घेऊन शहरात फिरतील, उघडं वायफाय दिसलं तर मालकाला नोटीस देतील. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश काढला: ग्राहकाचं वायफाय सुरक्षित हवं, आणि सार्वजनिक जागी वायफाय द्यायचं तर वापरणारा कोण याची नोंद हवी. आज रेल्वे स्टेशनवर फुकट वायफाय जोडताना मोबाइल नंबर टाकून ओटीपीची वाट बघावी लागते, त्याचं मूळ तिथे आहे. आपण वैतागतो, पण त्या ओटीपीमागे सानपाड्याचा फ्लॅट आहे.

आता गंमत बघा. आपल्याकडे हा आदेश निघाला आणि काहीच दिवसांनी, मार्च २००९ मध्ये, ॲपलने आपल्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम राउटरची नवी आवृत्ती आणली, तिच्यात 'गेस्ट नेटवर्क' होतं. ते करणारी ती पहिलीच कंपनी होती असं नाही, पण ही सोय सामान्य माणसाच्या खोक्यात आली ती साधारण याच काळात. दोन्ही घटनांचा एकमेकांशी संबंध शून्य. पण आपल्या डोक्यात मात्र दोन्ही एकत्र झाल्या, आणि 'गेस्ट नेटवर्क म्हणजे सुरक्षा' असं समीकरण बसलं. मीटिंगमध्ये जे ऐकलं ते हेच समीकरण.

गेस्ट नेटवर्क नेमकं कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे, हे समजायला राउटरच्या पोटात जावं लागेल.

इंटरनेटचे जुने पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं की हे पुरणार नाहीत. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी तोडगा मांडला: आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे, बाहेर मात्र सगळ्यांनी एकच पत्ता वापरायचा, आणि मध्ये एक यंत्र बसून कोणाचं पत्र कोणाला द्यायचं ते लक्षात ठेवेल. त्याला 'नॅट' म्हणतात. जुन्या चाळीत एकच पेटी असायची आणि पोस्टमन टाकून गेलेली पत्रं कोणीतरी वाटायचं, तसंच. १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे गट पक्के झाले, त्यातला १९२.१६८ ने सुरू होणारा तुम्ही राउटरच्या मागच्या स्टिकरवर पाहिला असेल.

हा उपाय पत्ते वाचवण्यासाठी होता. पण त्याचा एक बरा परिणाम झाला: बाहेरच्या माणसाला आतल्या कॉम्प्युटरशी आपणहून बोलता येईना. घराला आपोआप एक दार मिळालं. आणि इथेच एक खोड राहून गेली. दार एकच. आत आलेला प्रत्येक जण घरचाच धरला जातो. तुमचा लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, हार्ड डिस्क, सगळे एकमेकांना दिसतात, एकमेकांशी बिनदिक्कत बोलतात. म्हणून तर फोनवरून टीव्हीवर गाणं लावता येतं. पण मुलाच्या मित्राचा व्हायरस लागलेला लॅपटॉपही त्याच माजघरात येऊन बसतो.

आपल्या जुन्या घरांमध्ये असं नव्हतं. कोकणातल्या घराला खळं, पडवी, ओटी, मग माजघर. आलेला माणूस ओटीवर बसायचा, पाणी तिथे यायचं, गप्पा तिथेच. माजघरात जायला नातं लागायचं. हे सांगताना फार गहिवरायचं कारण नाही, कारण कोणाला ओटीवर घ्यायचं आणि कोणाला खळ्यातच उभं ठेवायचं हे जातीवर ठरत होतं, ते आपल्याला माहीत आहे. पण घराची रचना म्हणून त्यात एक शहाणपण होतं. येणाऱ्याचं स्वागतही व्हावं आणि तिजोरीची खोलीही त्याच्या वाटेत येऊ नये. गेस्ट नेटवर्क म्हणजे राउटरची ओटी.

ऑफिसांमध्ये ही ओटी आधीपासून होती. एकाच तारेवर वेगवेगळ्या विभागांची जाळी वेगळी ठेवायची पद्धत, व्हीलॅन, १९९८ मध्ये प्रमाणित झाली. ज्यांनी ती नीट वापरली नाही त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले कुठून? त्यांच्या एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला दिलेल्या लॉगिनमधून. एसीवाला ओटीवर थांबायला हवा होता, त्याच्या चावीने आत गल्ल्यापर्यंत जाता आलं.

घरच्या राउटरमध्ये हे यायला उशीर झाला त्याचं कारण तंत्र नव्हतं. २००२ च्या डिसेंबरात लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. काही महिन्यांत सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. आत लिनक्स आहे हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी ओळखलं आणि परवान्याच्या अटीप्रमाणे त्याचा सोर्स कोड मागितला. २००३ मध्ये तो कंपनीला द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. खोकं उघडून बघितल्यावर लोकांना दिसलं की मागची पाचही छिद्रं एकाच स्विचची आहेत, आणि 'इंटरनेट' लिहिलेलं छिद्र बाकी चारांपासून वेगळं केलंय ते व्हीलॅननेच. म्हणजे माजघर आणि ओटी वेगळी करायची हत्यारं त्या स्वस्त डब्यात पहिल्या दिवसापासून होती, फक्त मालकाला त्यांचं बटण दिलेलं नव्हतं. हौशी लोकांनी मग स्वतःचं फर्मवेअर टाकून एकाच राउटरवर दोन नावांची वायफाय चालवली. कंपन्यांनी नंतर तेच 'गेस्ट नेटवर्क' म्हणून खोक्यावर छापलं.

तर गेस्ट नेटवर्क करतं काय: हवेत दुसरं नाव दिसतं, त्यावर येणाऱ्याला पत्त्यांचा वेगळा गट मिळतो, आणि राउटरमध्ये नियम असतो की या गटातून फक्त बाहेर जाता येईल, शेजारच्या गटात डोकावता येणार नाही. बऱ्याच राउटरवर पाहुण्यांनाही एकमेकांपासून वेगळं ठेवता येतं.

आता मुद्द्याचं. हे सगळं *आतल्या* बाजूचं झालं. बाहेर जाताना घरचा आणि पाहुणा दोघं त्याच एका दारातून, त्याच एका पत्त्याने जातात. चाळीची पेटी एकच. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये समजा त्या वेळी उत्तम गेस्ट नेटवर्क असतं आणि ते उघडं असतं, तर ईमेल गेस्टवरून गेला असता, पोलिसांना पत्ता तोच मिळाला असता, आणि बेल त्याच दाराची वाजली असती. गेस्ट नेटवर्कने त्या माणसाच्या फायली वाचल्या असत्या, नाव वाचलं नसतं.

घरात कोण शिरतो ही एक काळजी. माझ्या नावावर कोण काय करतो ही दुसरी. राउटर विकत घेताना आपण पहिलीचं औषध घेतो आणि दुसरी बरी झाली असं समजतो. दुसरीचं औषध पासवर्ड, तो कोणाला दिला याची आठवण, आणि अधूनमधून तो बदलणं, एवढंच आहे. आणि कोणी म्हणेल राउटरमध्ये नोंद राहते की, तर घरगुती राउटर फारशा नोंदी ठेवत नाहीत. वीज गेली की असलेल्याही बहुतेक पुसल्या जातात. तीन महिन्यांपूर्वी बारशाला आलेल्या साठ लोकांपैकी कोणी काय केलं, हे तुमच्या डब्याला सांगता येणार नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यालाच बोलावणार. आपल्या बाबतीत ते कनेक्शन सेक्रेटरींच्या नावावर असणार आहे. त्यांनी हे वाचावं म्हणून टॅग करतोय.

बरं, पहिली काळजी तरी खोटी आहे का? अजिबात नाही. उलट ती वाढलीये, कारण आता पाहुणे माणसंच असतात असं नाही. दारावरचा कॅमेरा, स्मार्ट बल्ब, टीव्ही, एसी, हेही तुमच्या वायफायवर राहायला आलेले पाहुणेच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. युक्ती काय, तर कंपनीने दिलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड एकेक करून बघायचे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. मिराय बनवल्याचा गुन्हा नंतर तीन तरुणांनी कबूल केला, बाकी कोणी परदेशी शक्ती वगैरे नव्हती. ब्रिटनने पुढे कायदाच केला: २९ एप्रिल २०२४ पासून तिथे सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड असलेलं उपकरण विकता येत नाही, आणि अपडेट किती काळ मिळतील ते सांगावं लागतं. आपल्याकडे खोक्यावर '४ अँटेना, १२०० एमबीपीएस' मोठ्या अक्षरात असतं, अपडेट कधीपर्यंत मिळतील ते कुठेच नसतं.

मग घ्यायचा तर कोणता राउटर, असं आता तुम्ही विचारणार. मॉडेलचं नाव सांगणार नाही, सहा महिन्यांत जुनं होतं. काय तपासायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी तुमच्या फायबरवाल्याने दिलेला डबा बघा. बऱ्याच डब्यांमध्ये चार-चार वायफाय नावं चालू करता येतात आणि लोकांना वाटतं एकाला 'गेस्ट' नाव दिलं की झालं. नाव वेगळं म्हणजे जाळं वेगळं नव्हे. पाटी बदलली, खोली तीच. चाचणी सोपी आहे: फोन गेस्टवर जोडा आणि वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. घरच्या नेटवर्कवर १९२.१६८.१ असेल आणि गेस्टवरही तोच गट दिसला तर थोडी शंका घ्या. काही राउटर एकाच गटात ठेवूनही मध्ये भिंत घालतात, म्हणून पुढची परीक्षा घ्या: गेस्टवरून राउटरचं ॲडमिन पेज उघडून बघा, प्रिंटर किंवा टीव्ही सापडतो का बघा. सापडला तर ती ओटी नाही, माजघरच आहे. ॲडमिनमध्ये 'पाहुण्यांना घरचं नेटवर्क दिसू दे' अशा अर्थाची एक खूण असते, ती काढलेली हवी.

दुसरी गोम आहे ती दुकानदार सांगत नाही. आपण फायबरच्या डब्याला नवा राउटर जोडतो तेव्हा पुष्कळदा तो 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीने चालवतो, कारण ते सोपं. पण त्या पद्धतीत पत्ते वाटायचं आणि नियम लावायचं काम मागच्या डब्याकडे जातं, नवा राउटर नुसता लहरी फेकतो. त्यामुळे अनेक मॉडेलवर गेस्ट नेटवर्कचं नाव दिसत राहतं आणि भिंत मात्र गायब होते. पाच हजारांचा राउटर घेऊन पाटीच हातात. तो राउटर पद्धतीनेच चालवायला हवा. जमल्यास मागच्या डब्याला 'ब्रिज'वर टाकून द्यायला कंपनीला सांगायचं, नाही जमलं तर दोन राउटर एकामागे एक राहू देत, बहुतेक घरांना काही फरक पडत नाही.

आणि नवा घ्यायचाच नसेल तर जुन्या दोन राउटरमध्येही काम होतं, पण क्रम महत्त्वाचा. पाहुणे *बाहेरच्या* राउटरवर, घरचे *आतल्या* राउटरवर. नव्वद टक्के लोक उलटं करतात (आकडा माझा, आमच्या बिल्डिंगपुरता). आत बसलेल्याला बाहेरचं जाळं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, कारण नॅटचं दार एकाच दिशेने उघडतं. पाहुण्यांना आतल्या राउटरवर बसवलंत तर तुम्ही त्यांना माजघरात बसवून स्वतः ओटीवर आलात.

वय बघा. ज्या राउटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलंय तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केलं की चीनशी संबंधित हॅकरांनी घराघरांतले, छोट्या ऑफिसांतले शेकडो जुने राउटर आडोसा म्हणून वापरले होते. बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, म्हणजे नावाजलेलेच, पण कंपनीने सोडून दिलेले. मालकांना पत्ताही नव्हता. परत तेच: बाहेर दिसत होतं ते त्यांचं घर.

कुलूप डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम. डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला, थोडी खटपट केली तर, त्याच वायफायवरच्या दुसऱ्याची रहदारी उलगडता येते. बहुतेक साइट आता स्वतःच कुलूपबंद असतात म्हणून फार घाबरायचं नाही. पण नोटीस बोर्डावर लावलेला पासवर्ड हा पासवर्ड नसून पत्ता आहे, हे लक्षात घ्या.

एक तक्रार आधीच सांगून ठेवतो. गेस्टवरच्या फोनवरून टीव्हीवर काही लावता येत नाही, प्रिंटरही सापडत नाही. राउटर बिघडला म्हणून नेटवाल्याला शिव्या घालू नका, भिंत काम करतेय. आमच्याकडे टीव्ही आणि कॅमेरा गेस्टवर टाकले तर मुलीने दोन दिवस अबोला धरला. शेवटी टीव्ही घरात परत घेतला, कॅमेरा बाहेर राहिला. तडजोड आहे, आदर्श नाही.

आता क्लबहाउस. ते घर नाही, तिथे येणारे बरेच जण अनोळखी. त्यासाठी सरकारची एक योजना आहे, पीएम-वाणी, डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. चहाच्या टपरीवालाही तिच्यात वायफाय देऊ शकतो, त्याला परवाना लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख पटवायचं काम मागची नोंदणीकृत कंपनी करते. म्हणजे बोलावणं आलंच तर नोंद त्यांच्याकडे असते, सेक्रेटरींवर सगळं येत नाही. लोकांना ओटीपी टाकावा लागेल, कुरकुर होईल. किंवा मग रहिवाशांपुरतंच वायफाय ठेवायचं, कार्यक्रमाच्या दिवसापुरता वेगळा पासवर्ड काढायचा, दुसऱ्या दिवशी बदलायचा, आणि हॉल कोणी बुक केला होता ते रजिस्टरमध्ये असतंच. हे कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न. माझं मत दुसऱ्या पर्यायाला आहे, पण बदलायचं काम मी सहा महिन्यांच्या वर घेणार नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.

आणि एक. क्लबहाउसच्या जाळ्यावर गेटचे सीसीटीव्ही जोडायचे असं ठरावात खाली बारीक अक्षरात आहे. "एकाच कनेक्शनमध्ये भागेल." ते वाक्य कमिटीने काढावं. कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं, त्याचा पासवर्ड दोघांकडेच, आणि डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड अजून तोच आहे का ते आधी कोणीतरी बघा. मी मागच्या आठवड्यात विचारलं तर वॉचमनकाकांनी तो मला तोंडपाठ सांगितला.

पुढची मीटिंग रविवारी सकाळी साडेदहाला, क्लबहाउसमध्येच. ज्यांच्याकडे जुना राउटर पडून असेल त्यांनी ॲडॉप्टरसकट घेऊन यावा. आधी लावून, गेस्टवरून प्रिंटर दिसतो का ते सगळ्यांसमोर बघू, मग ठरावाला हात वर करू.